सात फुटाला एक इंच कमी

१

बरडीच्या तलावात भर दुपारी कुणी उतरत नाही. मानोरा तालुक्यातल्या त्या टापूत बाराची वेळ वाईट समजतात, आणि या तलावात तर, तो बांधला त्याच वर्षी, एक लेकरू बुडालं होतं. त्याला चाळीस वर्षं झाली. लेकराचं नावसुद्धा आता कुणाच्या ध्यानात नाही; पण बारा वाजले की आया आपापल्या पोरांना काठावरून घरी हाकलतात, एवढं मात्र अजून चालू आहे.

जगदेव हे मानत नसे. उन्हाळ्यात पाणी मागे हटत गेलं की उघड्या पडलेल्या गाळात तो दरवर्षी टरबुजाचे वेल लावायचा. गाळपेर म्हणतात तिला. दुपारी तिथेच, चार काठ्यांवर पोतं ताणून केलेल्या सावलीत, तासभर आडवा व्हायचा. मे महिन्यातल्या एका मंगळवारी तो असाच आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही. त्याच्या अंगावरून गाडीचं चाक गेलं होतं.

पोलीस नाईक रूपाली तिथे पोचली तेव्हा तीन वाजत आले होते. काठावर शे-दीडशे माणूस उभं होतं, पण खाली एकही उतरत नव्हता. प्रेताजवळ फक्त त्याची बायको कस्तुराबाई बसली होती, डोक्यावर पदर ओढून, उन्हात.

"कोनी खाली काहून येऊन नाई राह्यलं?" रूपालीनं विचारलं.

उत्तर दिलं हरीओमनं. हरीओम हा जगदेवचा गाळपेरीतला जोडीदार. टरबूज पिकवायचं जगदेवनं आणि पिकअपमध्ये भरून बाजारात न्यायचं हरीओमनं, अशी त्यांची दहा वर्षांची जोडी होती. प्रेत पहिल्यांदा त्यालाच दिसलं होतं.

"पावलं पाहा ना मॅडम," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चाकोरीतले."

रूपालीनं खाली पाहिलं. बांधावरच्या उतारावरून गाडीच्या दोन चाकोऱ्या जगदेवच्या सावलीपर्यंत आल्या होत्या आणि वळून परत गेल्या होत्या. गाळ वरून सुका, आतून पिठासारखा. टायरची नक्षी तर जागच्या जागी ढासळली होती. पण डाव्या चाकोरीत एक पाऊल होतं. लहान लेकराचं, डाव्या पायाचं. टाच, तळवा आणि पाच बोटं. थोडं पुढे तसंच दुसरं, तेही डावंच. त्याच्या पुढे तिसरं. उजवं पाऊल कुठेच नव्हतं.

"एका पायाचं लेकरू हाये," हरीओम हळूच म्हणाला. "अन् टांग पाहा केवढी टाकते. सात फुटाले एक इंच कमी."

रूपालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते लेकराचं पाऊल नसून टायरवर काहीतरी उंचवटा आहे आणि तो चाकाच्या दर फेऱ्याला गाळात उमटतोय, हे तिच्या लक्षात यायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं ती चाकोरीच्या कडेला नुसती उभी होती, हे तिनं नंतर कुणाला सांगितलं नाही. तिनं पिशवीतून टेप काढला आणि एका पावलाच्या टाचेपासून पुढच्या पावलाच्या टाचेपर्यंत अंतर घेतलं. दोन मीटर अकरा सेंटिमीटर. बारा ठिकाणी मोजलं, बाराही ठिकाणी तेच.

उठता उठता तिचं लक्ष जगदेवच्या उशाशी गेलं. तिथे पाण्याचं मडकं होतं, अर्धं रिकामं.

"हे मडकं इथं नसते बाई," कस्तुराबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "ते तिकडं, त्या झुडपाच्या बुचकीमागं खुट्याले टांगेल राह्यते. वीस पावलं हाये. कंबर मोडेल मानूस वीस पावलं जाते का? अन् मी आली तवा त्यायची कॉलर वल्ली होती."

काठावरच्या गर्दीत कुजबुज सुरू झाली. लेकरानंच पाणी पाजलं, कुणी बाई म्हणाली. ते पाण्यात गेलेलं लेकरू, ते पाणीच पाजणार. रूपालीनं तिकडे रागानं पाहिलं. पण अंगावर गाडी घालून वर पाणी पाजणारा हा कोण, असा प्रश्न तिलाही पडला होता.

२

उत्तर मिळालं तिसऱ्या दिवशी, मोबाईलवर, आणि तेही अर्ध्या तासात.

"मॅडम, नेटवर टायरचा हिशेब करून देनारं हाये," हरीओमच म्हणाला. "मागच्या साली म्या टायर बदलले तवा पाह्यलं होतं. नंबर टाका, घेर येते."

प्रत्येक टायरच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात. पहिला टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या कडेची उंची, पण ती रुंदीच्या शेकडा किती ते सांगणारी. तिसरा लोखंडी रिंगचा व्यास, इंचांत. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिंग इंचांत, असा तीन तऱ्हांचा कारभार. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे. कॅल्क्युलेटर मात्र तिन्ही गिळून क्षणात चाकाचा घेर सांगतो. रूपालीला आकड्यांची आवड होती. ठाण्यात मोबाईलवरचं काही अडलं की तिलाच हाक मारायचे.

तलाव आटला की त्या बाजूला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तीनच होत्या. हरीओम म्हणाला, आधी माही मोजा, म्हणजे लोकायचं तोंड बंद. त्याची पिकअप बांधावर उभी होती. ती खाली न्यायचीच नाही, गाळात वेल चिरडतात, असा जगदेवचा दंडक होता, आणि टरबुजं डोक्यावरून वर आणायची पद्धत होती. टायर होते २१५/७५ आर १५. रूपालीनं वाकून पाहिलं: तीन टायर घासून गुळगुळीत झालेले, मागचं डावं मात्र नक्षीदार.

"स्टेपनी हाये ते," हरीओम म्हणाला. "पंक्चर झालं होतं."

कॅल्क्युलेटर म्हणाला, दोनशे एकवीस सेंटिमीटर. पावलांपेक्षा दहानं जास्त. हरीओमनं कपाळावरचा घाम पुसला.

संघदीपचा दुधाचा टेम्पो लहान चाकांचा. घेर एकशे एकोणसत्तर. तोही सुटला.

उरला बादल. जवळच्या तांड्यावरचा, तिशीचा, लग्नाकार्याची भाडी मारणारा. त्याची सात माणसांची गाडी होती आणि टायर २०५/६५ आर १६. रूपालीनं आकडे टाकले, पुन्हा एकदा तपासले. दोनशे अकरा पूर्णांक चार.

मग सगळंच जुळत गेलं. बादल त्या दिवशी तलावातून गेला होता, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. आठ दिवसांपूर्वी वेलांवरून गाडी घातली म्हणून जगदेवनं त्याला ढेकूळ फेकून मारलं होतं, आणि बादल दहा माणसांदेखत बोलून गेला होता, 'एक दिवस तुमच्याच अंगावरून जाईन.' शिवाय जगदेव मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बादलनं चारही टायर बदलले होते. जुने एका फिरत्या भंगारवाल्याला दिले होते, आणि त्या भंगारवाल्याचा ठावठिकाणा कुणाला माहीत नव्हता.

"लग्नसराई हाये मॅडम, टायर घासले होते, नवे टाकले," बादल सांगत होता. "सेम साईजचे हायेत. तुमी मोबाईल कायले पाहून राह्यल्या? गाडी हाये ना इथं. चालवून पाहा. पाच मिन्टाचं काम हाये."

"मोबाईलमध्ये पॉइंटपर्यंत आलंय," रूपाली म्हणाली.

ठाणेदारांनी तिची पाठ थोपटली. बादल आत गेला.

३

दुसऱ्या दिवसापासून बादलची आई कमलीबाई ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली येऊन बसू लागली. फडक्यात भाकरी बांधून आणायची, पोराला आत पाठवायची आणि संध्याकाळी तांड्यावर परत जायची. रडायची नाही, भांडायची नाही. रूपाली जाता-येता तिच्याकडे बघायचं टाळायची. आपण आपलं काम केलं, असं मनाशी म्हणायची. पण रोज तेच म्हणावं लागतं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिलाही कळत होतं.

अकराव्या दिवशी कमलीबाईनं तिला हाक मारली.

"बाई, एक सांगू? माह्या बादलचं तोंड खराब हाये. पन त्यानं जर त्या मानसाले पानी पाजलं असतं ना, तर गाडीत घालून दवाखान्यातबी नेलं असतं. पानी पाजून सोडून देनारा मानूस येगळा हाये. त्याले मडकं कुठं टांगते ते ठाऊक होतं."

रूपाली जागच्या जागी उभी राहिली. बुचकीमागचं, वीस पावलांवरचं मडकं. ज्याच्याशी भांडण, त्याच्या मडक्याची जागा बादलला कुठून ठाऊक असणार?

ती एकटीच स्कूटरवर तलावाकडे निघाली. पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. आता तिथे काठावरही माणूस नव्हतं. जगदेवचे वेल पाण्यावाचून वाळून गेले होते आणि न तोडलेली टरबुजं उन्हानं तडकून उघडी पडली होती. वास सुटला होता. दूर डबक्यावर ऊन थरथरत होतं आणि त्यातून कुणीतरी चालत येतंय असं सारखं वाटत होतं. येत कुणीच नव्हतं.

काठावर एक जुनी बाभूळ होती. तिच्या आडव्या फांदीला झोका टांगला होता. दोरीला बांधलेला काळा टायर. लेकराचा कोप होऊ नये म्हणून गावानं उतारा केला, नारळ फोडला, आणि हरीओमनं लेकराला खेळायला झोका बांधून दिला, हे रूपालीनं ऐकलं होतं. टायरला दोरी बांधली होती वर, पण खालच्या बाजूला हिरव्या खणाचं जाड वेटोळं होतं आणि त्यावर हळदकुंकू आणि काचेच्या बांगड्या. झोक्याला हात लावायचा नाही, लावील त्याचं घर बसेल, असं गावात ठरून गेलं होतं.

वारा अजिबात नव्हता. बाभळीचं पानही हलत नव्हतं.

झोका मात्र हलत होता. पुढे, मागे, पुढे. बांगड्या किणकिणत होत्या.

रूपाली खाकीतली बाई होती, पण तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती मागे सरली, स्कूटरवर बसली आणि मागे न बघता निघाली. तांड्याच्या वळणाशी पोचते तोच पुढचं चाक फस्स करून बसलं. बाभळीचा काटा होता.

४

मानोऱ्याच्या रस्त्यावर उकंडरावांचं पंक्चरचं दुकान होतं. एसटीच्या आगारात टायर विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस. टायरवरून हात फिरवून तो किती धावलाय, हवा कमी होती की जास्त, ड्रायव्हर ब्रेक कसा मारतो, सगळं सांगायचे. स्कूटर ढकलत आलेली, घामानं निथळणारी रूपाली पाहून त्यांनी आधी तिला पाणी दिलं.

"भूत पाह्यलं का काय बाई?"

"झोका हालून राह्यला काका. वारा नसतानी."

"काळा टायर उन्हात, फांदीखाली. दोरी ताणते, पिळते, उलगडते. त्याले वारा कायले पाह्यजे?" उकंडराव काटा उपसत म्हणाले. "दोरी नवी असली तर जास्तच."

रूपालीच्या जिवात जीव आला, आणि लाज वाटली ती वेगळीच. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं टायरच्या कॅल्क्युलेटरची गोष्ट काढली. आकडे टाकले की कसा चटकन घेर येतो ते सांगितलं. उकंडराव पॅच घासता घासता थांबले.

"तुह्या या चाकाचा काय येते?"

स्कूटरचं चाक ९०/१०० आणि दहाची रिंग. तिनं टाकलं. एकशे छत्तीस सेंटिमीटर.

उकंडरावांनी चाक बसवलं, हवा भरली, खडूनं टायरवर एक रेघ मारली आणि तिच्या बरोब्बर खाली फरशीवर दुसरी. "बस वर." ती बसली. त्यांनी स्कूटर सरळ पुढे ढकलली. रेघ फिरून खाली टेकली, तिथे पुन्हा खडू मारला. "आता मोज."

एकशे बत्तीस.

तिनं पुन्हा मोजलं. एकशे बत्तीसच.

"चार सेंटिमीटर कुठं गेले?"

"कुठं नाई गेले. ते होतेच कवा?" उकंडराव हसले. "तुहा मोबाईल टायरले गोल समजते. नवा कोरा, हवेत टांगेल. जमिनीवर आला, वझं पडलं, की तो बुडाशी बसते. बसला की कमी चालते. रेडियल असो का साधा, शंभराले तीन कमी धर. अन् मंग तो घासते, तितका आनखी कमी. आगारात आमी कागदावरचा आकडा कवाच धरला नाई. घुमवून पाह्यचा."

"म्हणजे मोबाईल खोटं सांगते?"

"खोटं नाई सांगत. तू इचारलं तेच सांगते. तू इचारलं टायर केवढा. तुले पाह्यजे होतं, तो चालला केवढा."

रूपाली पायरीवर बसली. दोनशे अकरा पूर्णांक चार, पॉइंटपर्यंत. बादलचा टायर नवा असता तरी जमिनीवर दोनशे पाचच भरला असता. जुने घासलेले तर त्याहून कमी. घासून टायर लहान होतो, मोठा कधीच होत नाही. बादलच्या कुठल्याही चाकानं दोनशे अकरावर पाऊल उमटणं शक्यच नव्हतं. आणि ज्याचा आकडा दहानं जास्त म्हणून तिनं सोडून दिला, त्याचं काय?

"काका, दोनशे एकवीस असंल, तर?"

"शंभराले तीन काढ. दोनशे चौदा-पंधरा. टायर कसा हाये?"

"गुळगुळीत."

उकंडरावांनी बोटं मोजली. "सहा मिलिमीटर रबर गेलं असंल चौफेर. मंग आनखी साडेतीन-चार काढ."

दोनशे अकरा.

त्या क्षणी रूपालीला एक वाक्य आठवलं. सात फुटाले एक इंच कमी. नजरेनं अंदाज करणारा माणूस सात फूट म्हणतो. इंच कमी म्हणणाऱ्यानं टेप लावून मोजलेलं असतं. आणि ते वाक्य हरीओम बोलला, तेव्हा तिनं पिशवीतून टेप काढलासुद्धा नव्हता. कॅल्क्युलेटरही त्यानंच सुचवला होता, आपला आकडा जुळत नाही हे आधी पाहून.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिनं हरीओमला पिकअप घेऊन बांधावर बोलावलं. उकंडराव सोबत होते, ठाण्यातले दोन शिपाई होते, आणि गाव तर काय, न बोलावता येतंच. कस्तुराबाईही आली होती.

"टरबूज भर," रूपाली म्हणाली.

"कायले?"

"त्या दिवशी होते तितके."

हरीओम हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "त्या दिवशी गाडी बांधावर होती मॅडम. रिकामी."

"मंग भरून पाहू."

माल भरला. उकंडरावांनी उजव्या मागच्या, घासलेल्या टायरवर चुन्याचा ठिपका दिला आणि शिपायानं गाडी सरळ पुढे नेली. बांधावर पांढरे ठिपके उमटत गेले. रूपालीनं पहिल्यापासून अकराव्या ठिपक्यापर्यंत, म्हणजे दहा फेऱ्यांचं अंतर, मोजलं आणि मोठ्यानं वाचलं. एकवीस मीटर दहा सेंटिमीटर. एका फेऱ्याला दोनशे अकरा. मग बादलची गाडी आणली, त्यात सात माणसं बसवली. दहा फेऱ्यांना साडेवीस मीटर. दहा फेऱ्यांत दोन फुटांचा फरक, आणि तो सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिला.

"हे काय झालं मंग?" हरीओमचा आवाज चढला. "अशा टायराच्या गाड्या जिल्ह्यात हजार असतीन. अन् माह्या चाकावर पाऊल दाखवा ना! चार चाकं, पाचवी नाई. दाखवा पाऊल!"

प्रश्न बरोबर होता. रात्रभर रूपालीनं स्वतःला तोच विचारला होता. जुनं डावं चाक गेलं कुठे? जाळलं असतं, तर टायरचा काळा धूर दोन कोस दिसतो. विकलं असतं, तर या रस्त्यावर जुना टायर घेणारे उकंडरावच. त्यांनी हात लावताच ओळखलं असतं. विहिरीत टाकलं, तर मे महिन्यात कुठल्या विहिरीला पाणी? कुणी बघणार नाही, उचलणार नाही, हातसुद्धा लावणार नाही, अशी जागा साऱ्या शिवारात एकच होती.

ती बाभळीकडे चालू लागली.

"मॅडम!" हरीओम ओरडला. "बारा वाजून राह्यले. झोक्याले हात लावू नोका!"

गर्दी जागच्या जागी थिजली. कुणीतरी खरंच म्हणालं, नको बाई, लेकराबाळाची आहेस. झोका हलत होता, पुढे, मागे. काल उकंडरावांनी सगळं समजावलं होतं, तरी रूपालीनं आधी हात पँटला पुसले. तिनं टायर धरला. तो तापून चटका देत होता. बांगड्या काढून ठेवल्या आणि हिरव्या खणाची गाठ सोडली. एक वेटोळं, दुसरं, तिसरं.

खण खाली पडला. गुळगुळीत काळ्या रबरावर नव्या रबराचं एक उंच ठिगळ होतं. टाच, तळवा, आणि वर पाच ठिपके.

बायकांनी तोंडावर पदर घेतले. उकंडरावांनी पुढे होऊन त्यावरून अंगठा फिरवला. "गरम पॅच हाये. चिरलं होतं तिथं भरला, अन् घासून बरोबर नाई केला. वरतं पाच भोकं होते, तेबी भरले." मग टायरच्या कडेवरचे आकडे त्यांनी सावकाश वाचले. "दोनशे पंधरा. पंच्याहत्तर. आर पंधरा."

६

हरीओम मटकन खाली बसला. त्याला कुणी हात लावला नव्हता.

"मजूर नोते त्या दिवशी," तो म्हणाला. "मनलं गाडीच खाली नेतो, जगदेव झोपेल हाये, त्याले काय समजते. भरली, अन् मागं घेतली. पोतं दिसलंच नाई मले. पोत्याचा अन् गाळाचा रंग एकच."

रूपाली वहीत लिहून घेत होती.

"जिता होता तो. पानी मांगे. म्या मडकं आनलं, पाजलं. मनलं दवाखान्यात नेतो. मंग ध्यानात आलं, लायसन संपेल, गाडीचा इमा संपेल. नेलं तर सारं इचारतीन. मनलं, जरा घडी थांबू. गाडी वर आनली अन् बांधावर बसलो. तो हाका मारे, हरीओम, ए हरीओम." त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मंग हाका बंद झाल्या."

"किती वेळानं?" विचारणारी कस्तुराबाई होती.

हरीओमनं मान वर केली नाही. "घंटाभर."

बरडीपासून दवाखाना अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कस्तुराबाई त्याच्याजवळ गेली, आणि सगळ्यांना वाटलं, आता ही त्याला मारणार. तिनं मारलं नाही. "लेकराचं नाव कायले घेतलं रे?" एवढंच ती म्हणाली. "ते तर बिचारं हाकबी मारू शकलं नसंन."

संध्याकाळी बादल सुटला. रूपालीनं स्वतः त्याच्या हातात गाडीची किल्ली दिली. बारा दिवसांत तो अर्धा झाला होता; त्याची लग्नसराईची भाडी दुसऱ्यांनी मारली होती, आणि तांड्यावरच्या पोरांनी त्याच्या आईला खुनी माणसाची याडी म्हणून चिडवलं होतं. माफी कशी मागतात हे रूपालीला कुणी शिकवलं नव्हतं. "माही चूक झाली," ती म्हणाली.

बादलनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, माही गाडी घुमवून पाहाले किती वेळ लागला आज?"

काहीही सांगता आलं असतं. चुना, माणसं, टेप, पंचनामा.

"पाच मिनिटं," रूपाली म्हणाली.

बादलनं मान हलवली. त्यानं दार उघडून आईला पुढच्या सीटवर बसवलं, तिचं भाकरीचं रिकामं फडकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी सुरू केली. रूपाली कडुनिंबाखाली उभी होती. मऊ धुळीतून गाडी निघाली, चाकांच्या दोन स्वच्छ चाकोऱ्या मागे सोडत, आणि ती त्या चाकोऱ्यांकडे बघत राहिली.